व्याह्यांचा सिंहगड

आमच्या व्याह्यांनी सिंहगडाचा जेवढा उपयोग करून घेतला, तेवढा आजवर कोणत्याही राजवटीने करून घेतलेला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ धायरीत राहतात ते केवळ गॅलरीतून गड दिसतो म्हणून. लेकीच्या लग्नाची बोलणी करायला आम्ही वारज्याहून पेढे घेऊन निघणार, तेवढ्यात यांचा फोन : "बैठक गडावर आहे. सकाळी सहाला पायथ्याशी या." माझी बायको पैठणी नेसून, चपला हातात घेऊन गड चढली. वर एका खोपटात पिठलं-भाकरी खाताखाता मानपानाचा विषय निघाला. "अहो, गडांवर राज्यांचे तह झालेत, तुम्ही आहेराचं काय घेऊन बसलात!" व्याही म्हणाले. बायको अजून सांगते, "पुन्हा चढावं लागेल या धास्तीनं मी सगळ्याला हो म्हटलं."

दर रविवारी गड चढायचा हा त्यांचा नेम. पण लढायांबद्दल ते फारसं बोलत नसत. "लढाई चार दिवसांची पाहुणी. बाकी वेळ गड काय करत होता ते विचारा!" मग इथे घोड्यांची पागा, तिथे दारूकोठार, पुढे उन्हाळ्यात थंड हवा खायला आलेल्या साहेबांचे बंगले, नंतर टीव्हीचा मनोरा आणि आता कांदाभजी, असा गडाचा सगळा सेवाकाळ ऐकावा लागे. "गड रिटायर होत नाही हो, त्याची नुसती बदली होते." गडावर आलेल्या एका पर्यटकाने विचारलं, "काका, इथे बघण्यासारखं काय आहे?" हे म्हणाले, "तुम्ही येईपर्यंत बरंच होतं." राग एकाच गोष्टीचा, वरच्या वाहनतळाचा. गाडीने वर येणाऱ्याला ते ओळख देत नसत.

आणि मग त्यांचे दोन्ही गुडघे गेले. डॉक्टरांनी गड बंद केला. "बाबा, कारने जाऊ ना, जस्ट अर्धा तास," असं म्हणणाऱ्या मुलाशी त्यांनी बोलणं टाकलं. विहीणबाईंचा मला फोन आला : "खुर्ची फिरवून गडाकडे पाठ करून बसतात हो." कसंही करून त्यांना गडावर न्यायचंच, असं मी ठरवलं. नुकतीच आम्हां दोघांना नात झाली होती. मी धायरीला गेलो आणि म्हणालो, "व्याही, नातीचं नाव ठरवायचंय. बैठक गडावर आहे."

व्याह्यांचं बोलावणं मोडता येत नाही. ते माझ्या गाडीत बसले. वाहनतळावर काठी टेकत उतरले, तर भाकरीवाल्या मावशी लांबूनच ओरडल्या, "आबा, लई दिसांनी! बरं हाय न्हवं?" आबांनी हात वर केला. मग ते दरीकडे तोंड करून एका दगडावर बसले.

"व्याही, गडाला आणखी एक काम लागलं म्हणायचं," ते हळूच म्हणाले.

"कोणतं?"

"म्हाताऱ्यांना बसायला जागा द्यायची."

मी भजी सांगायला उठलो.

नातीचं नाव त्या दिवशी ठरलं नाही. त्यांनी सुचवलेली सगळी नावं चांगली होती, पण मी एकालाही हो म्हटलं नाही. घरी बायको चिडली आहे, लेक चिडली आहे, नातीला सगळे अजून नुसतं 'बाळ' म्हणतात. पुढच्या रविवारी पुन्हा बैठक ठेवली आहे.