डोमाजींनी निवडलेली फटफटी

सुरुवातीलाच सांगून टाकतो. भूतखेत, करणी, अंगात येणं... यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता आणि आजही फारसा नाही. जंगल खात्याच्या नोकरीत माझं निम्मं आयुष्य झाडांखाली गेलं. ज्या झाडाखालून लोक दिवसासुद्धा जायला घाबरायचे, त्याच झाडाखाली डबा खाऊन मी निवांत डुलकी काढलेली आहे. या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि बायकोला म्हणतो, या लोकांना सगळं रात्रीच बरं दिसतं! माझ्या अनुभवात रात्र नाही, अमावस्या नाही, पांढरी साडी नाही. सकाळचे सव्वासात, लख्ख ऊन आणि एक सेकंडहँड मोटारसायकल, एवढंच आहे. पण चाळीसहून जास्त वर्षं झाली, मला उत्तर सापडलेलं नाही.

साल १९७९, मार्च महिना. भंडारा जिल्हा, तुमसर तालुका. आमचं गाव तुमसरहून बपेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत. मला नुकतीच बपेऱ्याजवळ, जंगल खात्याच्या नाक्यावर कारकुनाची जागा मिळाली होती — टेम्पररी. पुढे मध्य प्रदेशची हद्द, त्यामुळे लाकडाचे ट्रक थांबवायचे, पास तपासायचे, नोंद करायची. ड्यूटी सकाळी आठची आणि पहिली एसटी तिथे पोचायची दहाला. नाक्यावर राहायला खोली होती, पण आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि घरी बाबा एकटे. रोज जाऊन-येऊन नोकरी करायची तर गाडी हवी. नाहीतर बाबांना एकटं टाकायचं, किंवा नोकरी सोडायची. तिसरा रस्ता नव्हता.

नवी गाडी आमच्या आवाक्याबाहेरची. माझी थोडीफार बचत आणि बाबांनी धान विकून घातलेली भर, यात जुनीच मिळणार होती. तुमसरला लतीफ मिस्त्रींचं गॅरेज होतं, ते जुन्या गाड्या घेऊन नीटनेटक्या करून विकायचे. त्यांच्याकडे तीन गाड्या आहेत असं कळलं. मी निघालो तर बाबा डोक्याला दुपट्टा गुंडाळून दारात तयार.

आता बाबांबद्दल सांगायला पाहिजे. माझे वडील डोमाजी, अंगठाबहाद्दर, पण बैलांचे पारखी. बैलबाजारात जोडी घ्यायची तर दहा गावचे लोक त्यांना सोबत न्यायचे. ते बैलाचे दात बघायचे, चाल बघायचे, हे सगळेच करतात. पण शेवटी ते बैलाच्या पाठीवर तळहात ठेवून डोळे मिटून उभे राहायचे आणि मग सांगायचे — हा मार खाल्लेला आहे, हा चढावर बसेल, याचा जोडीदार मेलाय म्हणून खात नाही. विकणाऱ्याचा चेहराच सांगायचा की बरोबर आहे. आमच्याकडे रीत अशी की विकणाऱ्याने बैलाची खोड आधी सांगायची. लपवलेली खोड पंधरा दिवसांत निघाली तर बैल परत. बाबांनी निवडलेला एकही बैल आयुष्यात परत गेला नव्हता. हे ते स्वतः कधी बोलत नसत, पण दुसऱ्या कोणी बोललं की त्यांची मान किंचित ताठ व्हायची. मला ते लहानपणापासून दिसायचं आणि माझीही मान तशीच ताठ व्हायची.

पण मोटारसायकल म्हणजे बैल नव्हे. मी त्यांना तसं समजावलं, तर म्हणाले, "घेनं तुले हाये, पाह्यनं मले हाये. चाल."

गॅरेजमध्ये काळी, हिरवी आणि निळी अशा तीन गाड्या उभ्या. कंपन्यांची नावं सांगत नाही, कारण यात कोणत्याही कंपनीचा दोष नव्हता. माझा जीव काळीवर, चकाचक होती. बाबांनी मिस्त्रींना पहिला प्रश्न केला, "खोड काय हिची?" दोन-चार गिऱ्हाईकं हसली. लतीफ मिस्त्री मात्र हसले नाहीत. त्यांच्या सासऱ्याची जोडी बाबांनीच घेऊन दिली होती. ते एवढंच म्हणाले, "डोमाजी, ये बैल नहीं है. पन पाहा तुम्ही, मना नाही."

बाबांनी काळीच्या टाकीवर तळहात ठेवला, डोळे मिटले. मला लाजेने मेल्यासारखं झालं. मिनिटाभराने म्हणाले, "हे पडली हाये. उजव्या अंगानं." मिस्त्रींचा चेहरा उतरला. ती ट्रकला घासून उजवीकडे पडली होती, त्यांनी सगळी ठोकून रंगवली होती आणि ते आम्हाला सांगणारच होते, असं म्हणाले. हिरवीला हात लावून बाबांनी लगेच काढून घेतला. "हिच्यात दम नाही."

निळी सगळ्यांत गरीब दिसणारी. टाकीला पोचा, सीटला ठिगळ. तिच्यावर मात्र त्यांनी बराच वेळ हात ठेवला. टाकीवरून सीटवर, सीटवरून मागच्या कॅरिअरवर. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हे इमानदार हाये. पन हिच्या मांगं ओलं वजन बसते. पानी टपकते. अन् त्याच्यासाठी हे थांबते. थांबली तं मारजो नको."

ओलं वजन? माझ्या काहीच लक्षात आलं नाही. पण काळीची गोष्ट खरी निघाली होती आणि निळी सगळ्यांत स्वस्त होती. बैलाच्या रितीने पंधरा दिवसांची मुदत ठरवून आम्ही ती घेतली. मी चालवत, बाबा मागे. गावात शिरलो तेव्हा मी जरा हळूच चालवली. आमच्या आळीतली ती पहिली फटफटी होती आणि मला ती सगळ्यांना नीट दिसायला हवी होती!

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर निघालो. सिहोऱ्याच्या अलीकडे रस्त्याला लागून एक तलाव आहे, पाळीवर, म्हणजे बांधावर, मोहाची झाडं. तिथे पोचलो आणि इंजिन बंद. किक मारून मारून पाय दुखला. दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप सुरू झाली. म्हटलं, जुनी गाडी आहे, चालायचंच. तिसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. चौथ्या दिवशी तिथेच... त्याच मोहाजवळ, सव्वासातच्या सुमाराला. संध्याकाळी परतताना कधीही नाही, दुसऱ्या कुठल्या ठिकाणी कधीही नाही.

लतीफ मिस्त्रींनी प्लग बदलला, कार्ब्युरेटर उघडून साफ केला, वायरी तपासल्या. दुपारच्या वेळी स्वतः दोनदा त्या तलावावरून नेऊन आणली. गाडी शिट्टी वाजवत गेली म्हणे. आणि मी मात्र रोज नाक्यावर उशिरा. बाराव्या दिवशी साहेबांनी सरळ सांगितलं की आणखी एकदा उशीर झाला तर खोलीवर राहायला या, नाहीतर दुसरा माणूस बघतो. एव्हाना गावातही बातमी पसरली होती. पारावर कोणीतरी म्हणालं की डोमाजीचा बैल बसला. मी ते ऐकलं. बाबांनीही ऐकलं असणार, कारण त्या दिवशी ते अर्ध्या ताटावरून उठले.

पुढचे दोन दिवस मी अंधारातच घर सोडून, सव्वासातच्या आधीच तो तलाव ओलांडून वेळेवर पोचलो. पण बाबांचं चहापाणी टाकून तसं रोज कुठवर चालणार? पंधरावा दिवस उजाडला. मुदतीचा शेवटचा. मी साहेबांकडून दुपारपर्यंतची सुट्टी मागून ठेवली होती. बाबा म्हणाले, मी सोबत येतो, आणि मागे बसण्याआधी म्हणाले, "आज थांबली तं तिथूनच तुमसरले फिरव. वापस करू."

मी म्हटलं, "बाबा, तुमचा एकही बैल परत गेला नाही आजवर."

"जाईन आज," बाबा म्हणाले. "नाव घेऊन मी काय करू गा, तुही नोकरी गेल्यावर?"

ज्या गोष्टीवर हा माणूस आयुष्यभर ताठ उभा राहिला, ती त्याने माझ्यासाठी एका वाक्यात सोडून दिली होती.

मोहाजवळ आलो. इंजिन बंद. माझ्या तोंडात शिवी आली होती, पण बाबांनी खांद्यावर हात ठेवला. ते उतरले आणि मोहाखाली जाऊन बसले. मीही गाडीला टेकून उभा राहिलो. या पंधरा दिवसांत तिथे किक न मारता उभं राहण्याची ती माझी पहिलीच वेळ!

दोन-तीन मिनिटांनी पाळीवरून एक बाई उतरताना दिसली. पन्नाशी ओलांडलेली, डोक्यावर मासोळ्यांची टोपली, वर ओलं पोतं. गुडघ्यांनी अधू होती, एकेक पाऊल जपून टाकत आली. टोपलीतून पाणी निथळून तिच्या लुगड्यावर ओघळ आले होते. तिने थेट बाबांकडे तक्रार केली. "हा बाबू तुमचा होय का जी? रोज माह्या समोर गाडी थांबवते. मले वाटे, मलेच घ्याले थांबते. मी टोपली उचलली का हा गाडीले लाथा मारते अन् शिव्या देते. मंग मी कायले येऊ?"

ती सगुणाबाई. तलावावर मासोळी धरणाऱ्या ढिवरांपैकी. नवरा गेलेला, दीर पहाटे जाळं ओढायचा आणि तिच्या वाट्याची मासोळी ती सिहोऱ्याला विकायची. गुडघे गेल्यापासून पोचायला उशीर व्हायचा, तोवर गिऱ्हाईक निघून जायचं. आज म्हातारा माणूस बसलेला दिसला म्हणून तिने धीर केला, असं तिने सांगितलं.

बाबांनी टोपली उचलून स्वतःच्या दुपट्ट्याने कॅरिअरला बांधली आणि मला म्हणाले, "जा, बाईले सोडून ये. मी बसतो इथं." मी किक मारली. पहिल्याच किकला सुरू. मागे कॅरिअरवरून पाणी टपकत होतं. बाबांचे गॅरेजमधले शब्द आठवले आणि सिहोऱ्यापर्यंत मी दोनदा मागे वळून कॅरिअरकडे पाहिलं, खोटं कशाला सांगू?

गाडी परत गेली नाही. त्यानंतर ती तिथे आपणहून कधी बंदही पडली नाही. माझी बदली होईपर्यंत सहा वर्षं मी सगुणामावशींना रोज सकाळी सिहोऱ्याला सोडलं. नाक्यावर एकदाही उशीर झाला नाही. पुढे टेम्पररीचा पर्मनंट झालो. त्या गाडीवरून मी बाबांना दवाखान्यात नेलं, तिच्यावरूनच लग्नाची मुलगी पाहून आलो. पारावरच्या लोकांची तोंडं बंद झाली, हे सांगायला नकोच.

सुरुवातीला माझी समजूत अशी होती की आधीचा मालक याच रस्त्याने जात असेल, मावशींना लिफ्ट देत असेल आणि गाडीला सवय लागली असेल. बैलांना लागते तशी. लोखंडाला सवय कशी लागेल, हा प्रश्न होताच, पण निदान एक धागा तरी होता. तो धागाही लवकरच तुटला. मी मावशींना विचारलं, आधी कोण सोडायचं तुम्हाला? त्या म्हणाल्या, कोणीच नाही, फटफटीवर मी पहिल्यांदाच बसली. मग लतीफ मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी कागद काढून दाखवले. ती गाडी नागपूरच्या एका शाळामास्तरांची, घर ते शाळा एवढीच फिरलेली. मिस्त्रींनी ती रेल्वेने तुमसरला आणली होती. आणि कॅरिअर? ते तर आम्ही येण्याच्या आदल्या आठवड्यात मिस्त्रींनी स्वतः बसवलं होतं. त्यावर तोवर ओलं काय, कोरडंही वजन कोणी ठेवलेलं नव्हतं.

मी घरी येऊन हे बाबांना सांगितलं. ते बैलांना तणीस टाकत होते. हात न थांबवता म्हणाले, "मंग ते मांगचं नसन. पुढचं असन."

एवढंच. पुन्हा तणीस टाकायला लागले. मी जंगलात वाघ समोरून जाताना पाहिलाय, पण त्या दिवशी गोठ्याच्या दारात माझ्या अंगावर जसा काटा आला तसा कधी आला नाही.

पुढे ऐंशीनंतर गावात एकेक करून फटफट्या यायला लागल्या. पोरं मोठ्या आदराने बाबांना निवडायला न्यायची. बाबा जायचे, हात ठेवायचे, आणि परत येऊन प्रामाणिकपणे सांगायचे की मला काही कळलं नाही, मिस्त्रीला विचारा. एकदा, दोनदा, पाचदा असंच झालं. शेवटी मी विचारलं की माझ्या गाडीच्या वेळी कळलं, मग आता का नाही?

बाबा म्हणाले, "निस्तं लोखंड लागते हाताले. तुह्या गाडीवर तू बसनार होता न."

बाबांना जाऊन आता खूप वर्षं झाली. इंजिनिअर झालेला माझा मुलगा म्हणतो की योगायोग, आणि पेट्रोलच्या नळीत हवा धरत असेल. असेल बुवा. सव्वासातलाच का धरायची आणि त्या मोहाजवळच का, हे त्यालाही सांगता येत नाही. मलाही येत नाही. कोणी विचारलं तर मी एवढंच सांगतो, मी डोमाजींचा मुलगा. बाकीचं मला माहीत नाही.