सांधेवाल्याची लाल टोपी

परंदवडीच्या दत्तोबाला रेल्वेने सांधेवाला केलं, की तो सांधेवाला म्हणूनच जन्माला आला आणि रेल्वेने त्याच्या अंगावर फक्त निळा सदरा चढवला, हे सांगणं कठीण आहे. खंडाळ्याच्या खाली, घाटाच्या एका वळणावर त्याची लाकडी केबिन होती. दारात सांध्याचा लोखंडी दांडा, पुढे दरी, मागे कडा, आणि पावसाळा संपला तरी उठायचं नाव न घेणारं धुकं. तिथे त्याने एकोणतीस वर्षं काढली.

काम एका वाक्यात सांगता येईल, पण दत्तोबा ते सांगायला अर्धा तास घेत असे. त्या वळणावर मुख्य रुळापासून एक आंधळा फाटा निघून कड्याकडे चढत जाई आणि वाळूच्या ढिगात संपे. सांधा नेहमी त्या फाट्याकडेच लावलेला. घाट उतरणाऱ्या गाडीने अलीकडे थांबायचं आणि चार शिट्ट्या द्यायच्या. गाडी ताब्यात आहे अशी खात्री पटली की दत्तोबाने दांडा ओढून खालची वाट मोकळी करायची आणि गाडी गेल्याबरोबर सांधा परत फाट्याकडे लावायचा. उधळलेली गाडी थांबत नाही आणि शिट्ट्याही मोजून देत नाही. ती आपोआप फाट्यावर चढते आणि वाळूत नाक खुपसते. दरीपेक्षा वाळू बरी, एवढंच त्यातलं शास्त्र.

हेच शास्त्र दत्तोबाने संसाराला लावलं होतं. घरात कुणी काहीही मागितलं की पहिलं उत्तर 'न्हाई'. मागणारा थांबला, गप्प उभा राहिला आणि पुन्हा नीट बोलला, तर मग विचार. मुलाच्या, सोपानच्या, लग्नाची बोलणी या रीतीने तीनदा वाळूत रुतली होती. चौथ्या वेळी मुलीकडचे तासभर ओट्यावर मुकाट बसून राहिले, तेव्हा कुठे त्यांना लाईन मिळाली.

बायको विठाबाई होती तोवर ती भिंतीला चिकटून झोपे. मेलगाडीच्या वेळेला झोपेतसुद्धा दत्तोबाचे दोन्ही हात पांघरुणातून बाहेर येत आणि काहीतरी ओढत. बहुधा तिची गोधडी. "ह्यांचं हात वायलं आन् ह्ये वायलं," असं ती शेजारणींना सांगे आणि शेजारणी पदर तोंडाला लावून हसत. ती गेली त्या सकाळी तिच्या उशाशी बसलेल्या दत्तोबाचे हात बरोबर मेलच्या वेळेला उठले होते. तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

त्याची आणखी एक सवय. चहा पिऊन झाला की पितळी पेला स्वतः धुवायचा आणि खिडकीच्या फळीवर पालथा घालायचा. पेला पालथा म्हणजे दत्तोबा येऊन गेला, असं लाईनीवरचे लोक ओळखत.

सोपान मुंबईत माझगावला राहायचा, एका गोऱ्या साहेबाच्या छापखान्यात कामाला होता. चाळीत निम्मी बिऱ्हाडं ख्रिस्ती. सोपान दर वर्षी लिहायचा, आबा, नाताळाची चार दिवस सुट्टी आहे, या. खरं तर आता नोकरी सोडा आणि इथेच राहा. दत्तोबा दर वर्षी ते पत्र वाळूत घालायचा. त्याच्या मनात एकच धाक होता. आपण गेलो आणि मागे कुणी गाडी गेल्यावर सांधा खालच्या वाटेलाच विसरला, तर उधळलेली गाडी सरळ घाटात जाईल आणि पुढच्या वळणावर दरीत. ही भीती तो कुणाला सांगत नसे. आपण फार मोठे आहोत असं लोकांना वाटेल, म्हणून नाही. आपल्यालाच ते खरं वाटू लागेल, म्हणून.

त्या वर्षी पत्र सोपानचं नव्हतं, सहा वर्षांच्या नातीचं होतं. शालूने मोठ्या अक्षरात चारच शब्द लिहिले होते. शिट्टी शिट्टी शिट्टी शिट्टी. नियम म्हणजे नियम. दत्तोबाने चार दिवसांची रजा टाकली.

बदली म्हणून बजरंग आला. तिशीचा, गलेलठ्ठ, बसला तिथे डुलकी घेणारा. दत्तोबाने त्याला दांड्यासमोर उभं करून इतक्या सूचना दिल्या की बजरंगने शेवटी विचारलं, "आबा, दांड्याला दूध कवा पाजायचं त्ये ऱ्हायलं की सांगायचं."

"हासू नगंस," दत्तोबा म्हणाला. "गाडी गेली की सांधा फाट्याला. मग पानी, मग तंबाकू, मग तू."

मुंबईत दत्तोबाचे पहिले तीन दिवस मजेत गेले. सामाईक मोरीपाशी शिट्टी दिल्याशिवाय तो कुणाला पुढे सोडत नसे, आणि चाळीतल्या पोरांना ते फार आवडलं. गॅलरीभर कागदी चांदण्या टांगल्या होत्या. शेजारच्या ख्रिस्ती बाई करंजीसारख्या नेवऱ्या तळत होत्या. चाळीतले सगळे त्यांना मावशी म्हणत, म्हणून साठीचा दत्तोबाही म्हणू लागला.

नाताळाच्या दिवशी दुपारची जेवणं लांबली. चार वाजून गेले तरी मावशींची ताटं येतच होती. शालूने लाल कागदाची उंच टोपी करून आजोबांच्या डोक्यावर बसवली. दत्तोबा आधी 'न्हाई' म्हणाला. शालू थांबली, तिने चार शिट्ट्या दिल्या, मग टोपी बसली. सून सरू हसून हसून भिंतीला टेकली.

ख्रिस्ती देवळाच्या घंटा वाजू लागल्या, तसा दत्तोबा हातातली नेवरी तशीच धरून थांबला. त्याला घंटांच्या खालून दुसरं काहीतरी ऐकू येत होतं. शिट्टी होती, पण चार नव्हे. एकच, लांब, न तुटणारी, जवळ जवळ येणारी.

तो उठून गॅलरीत गेला. पाय रोवले, दोन्ही हात पुढे करून हवेतलं काहीतरी पकडलं आणि ओढलं. आता रिकामे हात ओढले तर ते झटकन मागे येतात, हे तुम्ही घरी करून पाहू शकता. दत्तोबाचे हात अर्ध्यावर अडकले. दंडांच्या शिरा फुगल्या, कपाळावरून घाम ओघळला, टोपी थरथरू लागली. हसणारी सरू धावत गॅलरीच्या दारात आली. मग ते जे काही होतं ते एकदम सुटलं. दत्तोबा मागे तोल जाऊन सोपानच्या अंगावर आला, आणि समोर हवेत लोखंडावर लोखंड बसल्याचा आवाज झाला. तो सगळ्यांनी ऐकला. मावशींनी छातीवर क्रूस केला.

शालूने आजोबांचे हात हातात घेतले. तळव्यांना काळं, ताजं वंगण लागलं होतं.

"बजरंगानं सांधा खालीच ठिवला व्हता," दत्तोबा म्हणाला. ते एवढ्या शांतपणे, की सोपानला डॉक्टरकडे पळायचं सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने दत्तोबा घाटात परतला. फाट्यावर एक मालगाडी उभी होती. इंजिन निम्मं वाळूत, मागचे दोन डबे कलंडलेले. माणूस एकही दगावला नव्हता. फायरमनचा हात तेवढा मोडला होता. केबिनच्या पायरीवर बजरंग बसला होता. एका रात्रीत तो बराच बारीक झाल्यासारखा दिसत होता.

त्याने काही लपवलं नाही. दुपारची गाडी सोडल्यावर तो आधी पाणी प्यायला झऱ्यावर गेला, मग तंबाखू झाली, मग तिथेच डोळा लागला. सांधा खालच्या वाटेलाच राहिला. उधळलेल्या गाडीच्या शिट्टीने जाग आली तेव्हा तो दांड्यापासून दोनशे पावलांवर होता. पळाला, पण पोचणार नाही हे त्याला पळतानाच कळत होतं.

"आन् मंग धुक्यात तुमी दिसला," बजरंग म्हणाला. "दांडा अडाकला व्हता, तुमी वडला. म्या हाक मारली. तुमी वळून बी पाह्यलं न्हाई."

दत्तोबाने बोचकं पायरीवर ठेवलं. मग बजरंगला विचारावंसं वाटत होतं ते त्याने विचारलं.

"पर आबा, डोस्क्यावर ती लाल कागदाची टोपी कशापायी घातली व्हती?"

दरीतून चढून आलेलं धुकं दोघांच्या मधून निघून गेलं. दत्तोबाने बोचकं सोडलं आणि शालूने घडी करून ठेवलेली टोपी बाहेर काढली. ती मुंबईच्या कोरड्या गॅलरीतून आली होती, पण दवाने भिजून मऊ झाली होती आणि तिच्या टोकाला इंजिनाची काजळी होती.

चौकशीला साहेब आला. बजरंगने पाहिलं ते सांगितलं, दत्तोबाने शिक्का मारलेलं तिकीट दाखवलं. साहेबाने दोघांकडे आळीपाळीने बघून 'सांधा योग्य बाजूस होता' एवढंच लिहिलं आणि ऊन असूनही कोट घट्ट ओढून घेतला.

महिन्याभरात दत्तोबाने नोकरी सोडली. मी नसलो तरी हात जातात, मग मी पोरांत राहिलो तर बिघडलं कुठे, असा त्याचा हिशोब. माझगावला तो आणखी अकरा वर्षं जगला. दर नाताळाला चारच्या सुमारास तो शालूकडून लाल टोपी मागून घ्यायचा आणि स्वतःच डोक्यावर घालायचा. कशाला, असं कुणी विचारलं तर म्हणायचा, "बजरंगाला वळख नगं का पटाया?"

त्या सांध्यावर बजरंग कायम झाला. गाडी गेल्यावर त्याने पुन्हा कधी आधी पाणी प्यायलं नाही. नाताळाच्या दिवशी मात्र तो दुपारी पितळी पेल्यात चहा ओतायचा, दांड्यापाशी ठेवायचा आणि पाठ करून बसायचा. वळून बघेपर्यंत चहा संपलेला असे. घाटात माकडं फार, असं तो विचारणाऱ्यांना सांगे, आणि ते खरंच आहे.

पण माकडं पेला धुऊन फळीवर पालथा घालत नाहीत.