डाळीच्या डब्यातले पासपोर्ट

परवा गावी, मेडशीच्या घरी आईनं तुरीच्या डाळीचा डबा उघडला आणि आतल्या कडुलिंबाच्या पाल्याचा वास आला. त्या वासानं मी थेट जर्मनीच्या सरहद्दीवर जाऊन पोचलो.

तेव्हा आम्ही नवराबायको तिकडे नोकरीला होतो. शनिवारी शेजारच्या देशातलं एखादं शहर उरकायचं आणि सोमवारी ऑफिसात त्यावर अधिकारवाणीनं बोलायचं, हा सगळ्यांचाच रिवाज होता. त्या शनिवारी प्रागला जाताना मी रंजनाला तिथल्या राजांबद्दल ऐकवत होतो. तेवढ्यात गाडीत पोलीस चढले आणि त्यांनी पासपोर्ट मागितले. मी सगळी बॅग उपसली.

"घरीच हायेत," रंजना हळूच म्हणाली. "डाळीच्या डब्यात."

"काहून?"

"तुमची माय गावाले जातानी दागिने कुठी ठेवते? तसेच ठेवले मी."

पोलिसांनी आम्हाला पुढच्या स्टेशनावर उतरवून एका खोलीत बसवलं. व्हिसा गेला की नोकरी जाणार, एवढंच मला दिसत होतं. पोलिसांच्या साहेबानं विचारलं, "पासपोर्ट घरी कोणी ठेवले?" मी तत्काळ रंजनाकडे बोट दाखवलं.

तासाभरानं संगणकात आमची नावं सापडली आणि ताकीद देऊन त्यांनी आम्हाला परतीच्या गाडीत बसवलं. आपण खरं तेच सांगितलं, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. आज ते खरं फार किरकोळ वाटतं. परतीच्या गाडीत रंजनानं मी उपसलेली बॅग पुन्हा नीट भरली. मग म्हणाली, "तुमी ठेवले असते, तर मी बोट नसतं दाखवलं."