पायाळू बाईच्या गळ्यातला बिल्ला

आरोग्यवाल्यांनी माझ्या गळ्यात बिल्ला घातला आणि माझ्या दारात येणारी लेकरं बंद झाली. पोलिओची साथ चालू असताना हे झालं, म्हणून अजून चीड येते.

मी पायाळू. जन्मताना माझं डोकं नाही, पाय आधी बाहेर आले. अशा माणसाचा पाय लागला की उसण उतरते, लचकलेलं जाग्यावर येतं, असं आमच्याकडं मानतात. हर्सूलच्या अंगाला आमची वस्ती. लग्न होऊन इथं आले तेव्हापासून कंबर धरलेली, मान अवघडलेली माणसं माझ्या ओट्यावर येऊन पालथी पडायची आणि मी पाय लावायची. माझ्या पायात काही गुण आहे असं मला कधी वाटलं नाही. उसण आपली आपण जाते, नाव माझ्या पायाचं होतं. पण लोक येत, आणि लेकराचा पाय लुळा पडला तरी दवाखान्याच्या आधी माझ्याकडंच येत. खेळताना लचकला असंल, म्हणत.

तेव्हा दुष्काळ होता आणि शहराला औरंगाबाद म्हणत. खेड्यातली माणसं पाण्यासाठी शहराकडं येत होती आणि शहर आमच्या अंगावर येत होतं. मागच्या साली जिथं ज्वारी होती तिथं प्लॉटचे दगड रोवलेले. बांधकामावरच्या मजुरांची पालं, त्यांच्या पलीकडं पडीक रानात मेंढरंवाल्यांची बिऱ्हाडं. तलावाच्या तळाला भेगा पडलेल्या. पाणी टँकरचं, तेही आलं तर. हात धुवायला कुणाकडं पाणी होतं? अशा ठिकाणी पोलिओ नाही पसरणार तर काय पसरणार.

साथीसाठी नेमलेले एक डॉक्टर होते. वयानं माझ्या थोरल्यापेक्षा लहान. माझं पाय लावण्याचं त्यांच्या कानावर गेलं आणि ते नर्सबाईंना घेऊन घरी आले. मला वाटलं, आता अंधश्रद्धेवर भाषण होणार. ते म्हणाले, "मावशी, लुळ्या पायाचं लेकरू तुमच्याकडं आलं की आम्हाला निरोप द्याल का?"

"देईन की. त्यात काय."

एवढ्यावर राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण नंतर प्रशिक्षण आलं.

प्रशिक्षण शाळेच्या खोलीत, बालवाडीच्या बाकांवर. आम्ही सगळ्या जाडजूड बाया, गुडघे हनुवटीला. अंगणवाडीवाल्या, दाया, नर्सबाई आणि चौथी शिकलेली मी. डॉक्टरांचं सांगणं सरळ होतं. पोलिओ आहे की नाही ते तुम्ही ठरवायचं नाही. आई म्हणेल पडलं, म्हणेल सुई टोचल्यानं झालं, म्हणेल कुणी करणी केली. म्हणू द्या. हात नाहीतर पाय अचानक लुळा पडला, एवढं दिसलं की कळवायचं. मग त्या लेकराची शी तपासायला पाठवायची, दोनदा, मध्ये एक दिवस जाऊ देऊन. पाय पडल्यापासून दोन आठवड्यांच्या आत, आणि बर्फातून. उशीर झाला किंवा बर्फ वितळला की तपासणीला अर्थ नाही. एक लेकरू लुळं दिसतं तेव्हा भोवतीच्या कितीतरी लेकरांच्या पोटात तो रोग न दिसता असतो, म्हणून ही घाई.

माझ्या शेजारची अंगणवाडीवाली तोंडाला पदर लावून म्हणाली, "आता हेच ऱ्हायलं व्हतं करायचं."

मी म्हणाले, "आपली पोरं वाढवली तवा काय अत्तर काढत व्हतीस?"

हे मला पटलं होतं, ते सांगते. राग शिकवण्याचा नाही. राग याचा, की वरून नवे साहेब आले की तेच प्रशिक्षण पुन्हा व्हायचं. तेच तक्ते, तोच चहा. बर्फ कुठून आणायचा, वीज तर दिवसभर नसते, असं मी विचारलं की, "त्याचं बघू," म्हणायचे. शेवटच्या वेळी त्यांनी आम्हाला बिल्ले वाटले. लाल दोरी, त्यात फोटो.

"मला नको," मी म्हणाले. "मला वस्तीत कुत्रंसुद्धा ओळखतं."

डॉक्टर म्हणाले, "मावशी, दुसऱ्या एका वस्तीत आमच्या बाईला पोरं पळवणारी समजून लोकांनी घेरलं होतं. तुमच्याच भल्यासाठी आहे. गळ्यात असलाच पाहिजे."

त्यांचंही खोटं नव्हतं. पण त्याच महिन्यात पालं आणि झोपड्या मोजायला माणसं फिरत होती. नव्या रस्त्यात कोण येतं, कुणाला उठवायचं, ते ठरवायला. त्यांच्या गळ्यात असेच बिल्ले, अशाच लाल दोरीत.

आधी बाया चेष्टेवारी बोलल्या. "मावशी, पेन्शन कधी चालू व्हनार?" मग बोलायच्या बंद झाल्या. मग ओटा रिकामा पडला. म्हातारे तेवढे उसण घेऊन येत. लेकरू घेऊन कुणी येईना. मी दारोदार जाऊन विचारलं तर बाया लेकरांना आत ढकलून म्हणायच्या, समदी ब्येस हायती.

मी डॉक्टरांना सांगितलं, बिल्ला काढते. ते म्हणाले, वरून तपासणीला येतात, बिल्ला नसला तर तुमचं नाव कमी करतील. आमच्या भागातून एकही खबर नाही हे त्यांनाही टोचत होतं. म्हणाले, "रोग नाही की दिसत नाही?"

"दिसत नाय," मी म्हणाले. "तुम्हीच झाकला."

तरी बिल्ला माझ्या गळ्यात राहिला.

मेंढरंवाल्यांतली एक बाई माझ्याकडं पाणी न्यायला यायची. तिची एक मुलगी होती, चार-पाच वर्षांची, कायम कोकरांच्या मागं पळणारी, आणि कडेवर एक धाकटा. काही दिवस ती धाकट्याला घेऊन एकटीच आली. मी विचारलं, "थोरली कुठाय?"

"मामाकडं धाडलीय."

दुष्काळात मेंढरंवाल्यांची लेकरं मामाकडं कुठली जातात? मला तेव्हाच खटकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या रानाकडं गेले तर बिऱ्हाड हलत होतं. तट्टावर वाकळा, भांडी, कोंबड्यांचं डालगं, आणि त्या सगळ्यात बांधून बसवलेली मुलगी. एक पाय तट्टाला धरलेला, दुसरा नुसता लोंबत होता. तट्टू चाललं की हलायचा. पोटरीवर तापल्या सळईनं डाग दिल्याच्या काळ्या खुणा.

"हा मामा का?" मी म्हणाले.

बाई माझ्या तोंडाकडं न बघता म्हणाली, "ताप आला, मंग पाय पडला. पयले तुझ्याकडंच आणत व्हते. तुझ्या गळ्यात ते बघितलं अन् माघारी फिरले. आमचं नाव लिव्हलं की इथून हाकलतील, धनी म्हनले."

"मी नावं लिहिते व्हय गं झोपड्यांची?"

"मला काय म्हाईत. दोरी तर तीच हाय."

तिच्या नवऱ्यानं ऐकून घेतलं नाही. मेंढरं पाण्यावाचून मरायला लागलीत, पैठणच्या अंगाला धरणाचं पाणी हटलंय, गाळात हिरवं आहे, आज निघायचं म्हणजे निघायचं. ते निघून गेले.

मी नर्सबाईंकडं गेले. त्या म्हणाल्या, "पैठण माझ्या हद्दीत येत नाही, मावशी." डॉक्टर दौऱ्यावर, त्यांना निरोप ठेवला. तिकडच्या लोकांना कळवतो, असं दवाखान्यातला माणूस म्हणाला. कळवण्यात दिवस गेले. पाय पडून आधीच आठवडा झाला होता. शेवटी मी नर्सबाईंना म्हणाले, शी बर्फातून न्यायचा तुमचा तो निळा डबा द्या, मीच जाते. डबा दिला. त्याला मात्र हद्द नव्हती.

बर्फाचे गोळे विकणाऱ्याकडून बर्फ घेतला आणि एसटीत बसले. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, डब्यात काय, मासळी?"

"जाताना बर्फ हाय. येताना पोरीची शी असंल."

तो पुढं जाऊन बसला आणि पैठणपर्यंत माझ्याकडं वळून बघितलं नाही.

धरणाच्या उघड्या पडलेल्या गाळात त्यांचं बिऱ्हाड सापडलं. बाईनं मला बसायला वाकळ टाकली, पण डब्याकडं बघून म्हणाली, "ह्यानं पाय येतो का तिचा?"

"नाय."

"मंग नेऊन काय करतीस?"

"हा रोग हाय का ते कळंल. असला तर भोवतीच्या पोरांना डोस पाजतील. तुझ्या धाकट्यालाबी."

ती धाकट्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "तू पाय लाव. मंग देते."

"पाय लावून काय व्हत नाय गं."

"तुझ्या डब्यानं तरी कुठं व्हतंय?"

मी बिल्ला काढून पिशवीत टाकला आणि मुलीच्या पायाला पाय लावला. पाय गार होता. मुलगी म्हणाली, "जोरात लाव, मला कळंना."

पहिली शी त्याच दिवशी मिळाली. दुसरीसाठी थांबले. मुलीचं पोट नीट साफ होत नव्हतं, त्यात आणखी वेळ गेला. मी रोज पैठण गावात पायी जाऊन बर्फ आणायची आणि तो वितळताना बघायची. दुसरी शी मिळाली तोवर दोन आठवडे उलटून गेले होते. तरी घेऊन आले. डॉक्टर दौऱ्यावरून आले होते. त्यांनी डबा हातात घेतला, तारखा विचारल्या, आणि कपाळाला हात लावला.

"पाठवतो," ते म्हणाले, "पण मावशी, उशीर झालाय."

मुंबईहून निकाल आला की काही सापडलं नाही. म्हणजे पोलिओ नव्हता का, मी विचारलं. तर तसंही नाही. नमुना उशिराचा, म्हणून काहीच सांगता येत नाही. एका लेकराचा पाय गेला आणि तो कशानं गेला हे सांगणारं कुणी नाही. माझ्या ओट्यावर ती पहिल्या दिवशी आली असती तर सांगता आलं असतं. डॉक्टरांनी एक केलं. निकालाची वाट न बघता आमच्या वस्तीत आणि पैठणच्या गाळात डोस पाजायला माणसं धाडली. त्यासाठी वरच्यांची बोलणीही खाल्ली.

बिल्ला मी पुन्हा घातला नाही. पुढच्या प्रशिक्षणात डॉक्टरांनी बघितलं आणि विचारलं नाही. त्यांची बदली झाल्यावर नवे साहेब आले, त्यांनी नवा बिल्ला दिला. तोही घरातच खुंटीला आहे.

पुढच्या साली मेंढरं परत आमच्या अंगाला आली. बाई ओट्यासमोर उभी राहिली, आधी माझ्या गळ्याकडं बघितलं, मग मुलीला पाठीवरून उतरवलं. मुलीच्या हातात काठी होती. ती आता बसल्या जागेवरून कोकरांना शिव्या देत होती.

"पाय लाव," बाई म्हणाली.

"तुला सांगितलंय ना, काय व्हत नाय."

"म्हाईत हाय. लाव."

"लावते. आधी धाकट्याला खाली ठेव," मी म्हणाले. "चालू दे त्याला इथून तिथवर. मला बघू दे."

तिनं त्याला कडेवरून उतरवलं. तो माझ्या शेळीच्या मागं पळाला.