एका ड्रमावर दोघींची नावं

ओल्या रबरी पाइपाचा वास आला की टँकरची ती रांग आठवते.

दुष्काळात आमच्या नव्या वसाहतीत पाण्याच्या ड्रमावर घरधन्याचं नाव रंगवायची रीत होती. शेजारच्या शारदा आणि कुसुमच्या ड्रमावर मात्र दोघींची नावं होती. त्या सकाळी टँकरच्या रांगेत कुणीतरी पेपर वाचून दाखवला. अमेरिकेतल्या एका राज्यात लोकांनी मत देऊन बाईनं बाईशी लग्न करायला बंदी घातली होती.

"अगं बाई, मंग नवरा कोण म्हणायचं?" लोक हसले. मग त्या ड्रमाकडं बघू लागले.

घरमालकीणबाईंनी मला हळूच विचारलं, "तुमची भिंत लागून हाय. खाटा किती हायत त्यांच्यात?"

"एकच," मी खाली बघत म्हणाले.

आठवड्यात त्यांना खोली सोडायला लावली.

खाट आमच्याकडंही एकच होती. मी आणि माझी नणंद तिच्यावर झोपायचो. आम्हाला कुणी काही विचारलं नाही.