विलायत रिटर्न कडूबाई

ताडकळसच्या कडूबाईबद्दल एके काळी अशी कुजबुज होती, की ती लग्नाआधी दोन वर्षं विलायतेत राहून आलेली आहे. ही कुजबुज आठवडी बाजारात भाजीच्या पालापाशी सुरू व्हायची आणि बांगड्यांच्या पालापर्यंत पोचेस्तोवर कडूबाई तिकडच्या राणीच्या शेजारघरी राहायला गेलेली असायची. कोणी म्हणे, येलदरीच्या धरणावर एक साहेब होता, त्याच्या मडमेचं तान्हं लेकरू सांभाळायला हिला विमानात घालून नेलं. कोणी म्हणे, मडम वगैरे काही नव्हती, साहेब एकटाच होता. आणि एवढं बोलून सांगणारी बाई पदर तोंडाला लावायची, पुढचं डोळ्यांनी सांगायची. पुरावा मागितला तर एकच मिळायचा. "गेली न्हाई म्हणता, मग इंग्रजी गाणं कसं काय म्हणती?"

याला मात्र कोणाकडे उत्तर नव्हतं, कारण कडूबाई म्हणायची खरंच. गोपीचंदच्या 'चांदणी मेलडी ऑर्केस्ट्रा'ची ती एके काळची मुख्य गायिका. उरूस असो, गणपती असो, कुणाच्या पोराची हळद असो, मराठी आणि हिंदी गाण्यांना माणसं पान लावत बसायची, पण कडूबाईनं माईक हातात घेऊन फक्त एक शब्द उच्चारला, "मारोंबा!", की झाडावरची पोरंसुद्धा ओरडायची.

मारोंबा हे गाण्याचं नाव. तसंच टिकालो, तसंच झेनोरा. ही सगळी त्या त्या साली परमुलखात एक नंबरवर जाऊन बसलेली गाणी, आणि सगळ्यांचं नाव एका शब्दाचं. यावर गोपीचंदचं स्वतःचं शास्त्र होतं. तो म्हणायचा, "जग जिंकायचं तर नाव एका शब्दाचं पाहिजे. दोन शब्द झाले की दुसरा आठवेस्तोवर माणूस चहा प्यायला जातो." फर्माईश मागायलाही तेच सोयीचं. मागच्या रांगेतून अख्खी ओळ ऐकू येत नाही, एक शब्द येतो. टिकालो आणि झेनोराच्या कॅसेट गोपीचंदनं हैदराबादेहून आणल्या आणि कडूबाईकडून बसवून घेतल्या. मारोंबा मात्र त्यानं शिकवलं नाही. ते ती सासरी येतानाच सोबत घेऊन आली होती. कुठून आणलं, हे ना त्यानं विचारलं, ना तिनं सांगितलं.

थोरली भावंडं जगली नाहीत म्हणून आईबापांनी हिचं नाव कडू ठेवलं होतं, मरणाला गोड लागू नये म्हणून. पण पोस्टरवर कडू कोण छापणार? गोपीचंदनं छापलं 'मिस कॅडी, विलायत रिटर्न'. खाली कडूबाईचा डोक्यावर पदर घेतलेला फोटो. मागं कडूबाईचा नवरा वाल्मीक काँगो वाजवायचा, आणि बायकोच्या नावाचा असा पुकारा झाला की मिशीतल्या मिशीत हसायचा.

पुढं डीजे आला. एका टेम्पोत चार भोंगे घातले की ऑर्केस्ट्राचं काम भागू लागलं. चांदणी मावळली. काही वर्षांनी वाल्मीकही गेला. आता कडूबाई ताडकळसला पिठाची गिरणी चालवते. भुवयांवर पीठ बसलेलं, कानाला फडकं, आणि मूड लागला तर पट्ट्याच्या तालावर मारोंबा. दळण घेऊन आलेल्या बायका ते ऐकायला मुद्दाम थांबतात आणि पीठ गरम आहे, जरा निवू द्या, असं सांगतात.

हे सगळं ऐकत वाढलेली तिची नात भक्ती. परभणीच्या कॉलेजात बी.कॉम.ला. रोज बसनं जायची, बसनं यायची, आणि बसमध्ये जागा मिळाली नाही तरी आजीची विलायत तिला उभ्या उभ्या पुरायची. यंदा गॅदरिंगला विषय निघाला 'गेल्या जमान्याचे सुपरहिट', आणि भक्तीनं फुशारकीनं नाव देऊन टाकलं. मारोंबा. आजीकडून शिकलेलं. आजी विलायतेहून शिकून आलेली.

वर्गात प्रीतम नावाचा एक पोरगा होता. भाड्याचा कोट घालून तो दर वर्षी गॅदरिंगचं सूत्रसंचालन करायचा आणि वर्षभर त्याच रुबाबात फिरायचा. त्यानं भक्तीला कँटीनमध्ये गाठलं.

"भक्ते, तुझी आजी लंडनात कोणत्या गल्लीत राहायची गं?"

"लंडन तूच म्हणायलास. मी विलायत म्हणले."

"मग विलायत काय पूर्णेच्या पुढं लागती का? बस बदलावी लागती का डायरेक्ट हाय?"

पोरं खिदळली. भक्तीनं वडापाव तसाच ठेवला.

"हे बघ," प्रीतम जरा जवळ येऊन म्हणाला, "मी ते गाणं नेटवर ऐकलंय. तू तालमीत म्हणतीस ते आजीचं अन् त्याचं काही जुळत न्हाई. स्टेजवर इच्चारणार हाय मी. तयारी करून ये."

भक्तीनं बसमध्ये बसल्या बसल्या मोबाईलवर शोधलं. सापडलं. पांढरे बूट घातलेला एक मिशाळ गवई, मागं कमरेवर हात ठेवून झुलणाऱ्या पोरी, आणि खाली लिहिलेलं, की हे गाणं अमक्या साली कितीतरी आठवडे एक नंबरवर होतं. चाल तीच, आजीचीच. पण भाषा? ती इंग्रजीसुद्धा नव्हती. कुठली होती देव जाणे. साऱ्या गाण्यात आजीच्या गाण्याशी जुळणारा शब्द एकच होता, आणि तो म्हणजे गाण्याचं नाव.

प्रीतमनं हसणं परवडलं असतं. पण भर हॉलमध्ये आजी खोटारडी ठरली तर? गॅदरिंगला ताडकळसची निम्मी पोरं असणार. बाजारापर्यंत बातमी जायला कितीसा वेळ? आणि आजीला तर भक्तीनं स्वतःच यायला सांगून ठेवलेलं.

घरी आल्या आल्या ती गिरणीत गेली. शेजारची बायनाबाई ज्वारीचं दळण घेऊन बसलेली होती. तिचं दळण पायलीचं, बसणं दिवसाचं.

"आजी, ते गाण्यात तू 'टेन टू पिंगळी' म्हणतीस. ते काय हाय?"

"पिंगळीला कार्यक्रम होता, तवा घातलं," कडूबाई चाळणी झटकत म्हणाली. "गावाचं नाव इंग्रजी गाण्यात आलं की माणसं येडी व्हायची. मिरखेलला गेलो की टेन टू मिरखेल. मानवतला टेन टू मानवत."

"म्हंजे बाकीचं समदं..."

"बाकीचं तोंडाला येईल ते. एक शब्द पक्का म्हणायचा, बाकी जोरात म्हणायचं. एकानं तरी कधी इच्चारलं का, की बाई, याचा अर्थ काय?"

"मी इच्चारायले की आता!"

"तू बी.कॉम. हायस," आजी म्हणाली, जणू तो आजार होता.

बायनाबाईला राहवेना. "अगं कडे, एवढं सांगायलीस तर मडमेचं बी सांग. लय कडक होती का?"

"कडक होती. पर तुझ्यासारखी रोज फुकटचा चहा प्यायला येत नव्हती."

बायनाबाई खो खो हसली. भक्ती हसली नाही. तिनं आजीच्या हातातली चाळणी धरली. "आजी, खरं सांग. तू गेलतीस का विलायतेला?"

कडूबाईनं नातीकडं बघितलं. तोंड उघडलं. मग मागं वळून तिनं बटण दाबलं. पट्टा फिरायला लागला, आणि त्या घरघरीत विचारणारीचा प्रश्न नि सांगणारीचं उत्तर दोन्हींचं पीठ झालं.

आता भक्ती गप्प बसणार होती थोडीच! ती पोस्टरवाल्यालाच जाऊन भिडली. गोपीचंदचं परभणीला स्टेशनजवळ दुकान आहे, माईक आणि खुर्च्या भाड्यानं द्यायचं. केस काळे, दात नवे, गप्पा जुन्या.

"आबा, विलायत रिटर्न तुमीच छापलं ना?"

"छापलं मी. पर बातमी माझी न्हाई." गोपीचंदनं खुर्ची पुढं ओढली. असा विषय निघाला की त्याला भूक लागत नाही. "तुझी पणजी, धुरपदाबाई. वाल्मीकची माय. पयल्या कार्यक्रमाला स्टेजमागं बसून सुपारी कातरत मला म्हणली, 'माझी सून साधी न्हाई, साहेबाच्या घरात राहिलेली हाय, विलायत पाहिलेली.' आता मी काय पासपोर्ट मागू? छापून टाकलं."

"पणजीला कोणी सांगितलं?"

"आश्रुबानं. सोयरीक त्यानंच जमवली. लय गोड माणूस. नवरीकडं एक म्हैस असली तर त्याच्या तोंडून निघेस्तोवर दावणीला आठ व्हायच्या."

"मग आश्रुबा कुठं भेटतील?"

गोपीचंदनं बोट वर केलं. "तिथं. तिथं बी कुणाचं तरी जमवीतच असंल." मग जरा विचारात पडल्यासारखा म्हणाला, "एक सांगू का पोरी? मला बी ह्याचं लय कुतूहल होतं. पयल्यांदा तिनं मारोंबा म्हणून दाखवलं ना, तवा शब्द आला की ती गुडघ्यात वाकायची अन् दोन्ही हात झपकन डोक्यावर न्यायची. मी म्हणलं, वा, विलायती डान्स! मग समद्या पब्लिकला शिकवला. पर वाकताना ती तोंड असं करायची, जसं काही लय जड हाय. नाचताना कोणी असं तोंड करतं का?"

भक्तीनं ती वाकण्याची तऱ्हा लहानपणापासून पाहिली होती, शंभरदा केलीही होती. हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता.

गॅदरिंगच्या दिवशी कडूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आली आणि पुढून दुसऱ्या रांगेत, प्राध्यापकांच्या मधोमध, बिनदिक्कत बसली. भक्ती पडद्याआड उभी. दोन गाणी तिच्या डोक्यात भांडत होती, मिशाळ गवयाचं आणि आजीचं. नाव पुकारलं गेलं. ती पुढं झाली, आणि तोंड उघडल्यावर आजीचंच बाहेर पडलं. टेन टू परभणी! हॉल उसळला. मारोंबा आला की पोरं वाकायची, हात वर न्यायची, पुन्हा वाकायची. प्राचार्यांनीसुद्धा चष्मा काढून ठेवला.

टाळ्या ओसरल्या आणि प्रीतम कोट सावरत माईक घेऊन आला.

"वा! वा! तर मित्रांनो, भक्ती म्हणते की तिच्या आजी हे गाणं विलायतेत शिकल्या. भक्ती, आम्हाला सांगशील का, आजी विलायतेत नेमक्या कुठं होत्या?"

हॉलमध्ये हसू पिकायला लागलं. भक्तीला कळत होतं, की लंडन म्हटलं तर संपलं, कोण तपासायला जाणार आहे? आणि हेही कळत होतं, की आजी बघते आहे.

"मला माहीत न्हाई," ती म्हणाली. "मी इच्चारलं, तिनं सांगितलं न्हाई. मी उगंच बढाई मारली. पर ती बसली हाय समोर."

हे काही प्रीतमच्या तयारीत नव्हतं. तो पायऱ्या उतरून कडूबाईपाशी गेला. इतक्या वर्षांनी माईक हातात आल्यावर तिनं तो आधी सवयीनं टकटक वाजवून पाहिला.

"काय रे लेकरा, माझ्या नातीला अडवायलास का?"

"न्हाई आजी, मी फक्त..."

"उसाच्या फडात होते मी. घे, लिहून घे." ती माईक घेऊन उभी राहिली. "सांगलीकडं. ट्रॅक्टरच्या डायवरकडं एकच कॅसेट होती, कुठून आणली त्यालाच मालूम. दिवसभर तीच वाजायची. समदं गाणं कुणालाच कळंना, एक शब्द तेवढा कळायचा. मग मोळी उचलायला आमी त्योच धरला. मारोंबा म्हणलं की समद्यांनी एकदम वाकायचं अन् मोळी डोक्यावर. मघाशी तुमी पोरं वाकत होतात ना, लय छान वाकता. पर तुमच्या डोक्यावर काहीच नव्हतं."

मागच्या रांगेतून कुणीतरी पोरगी ओरडली, "आजी, कोणता कारखाना? माझे मायबाप बी तिकडंच हायत!"

"कार्यक्रम झाल्यावर ये, बोलू," कडूबाई म्हणाली, आणि माईक प्रीतमला परत दिला. भक्ती स्टेजवरून उतरली, आणि प्राध्यापकांना सरकायला लावून आजीजवळ बसली. "बटण कामून दाबलं मग त्या दिवशी?" तिनं कानात विचारलं.

"बायना बसली होती ना, माझ्या आधी तिच्याच तोंडून बाजारात गेलं असतं," आजी म्हणाली.

खरं ते असं. कडूबाई विलायतेला कधीच गेली नाही. लग्नाआधी दोन वर्षं ती आईबापांबरोबर ऊसतोडीला होती, आणि ऊसतोड्याची पोर धुरपदाबाईनं सून म्हणून घेतली नसती, म्हणून आश्रुबानं विलायत सांगितली.