दाढेचे डोहाळे

माझं लग्न झालं ते लढाईच्या वर्षांत. मी एकोणीस वर्षांची, म्हणजे तेव्हाच्या हिशोबानं घोडनवरीच. माहेर वाईचं, सासर इस्लामपूरच्या पलीकडं, जिकडं बघावं तिकडं ऊस. नवरा पलटणीत, आधी सासरेही तिथंच होते. लग्नानंतर एकदा रजेवर आला, महिनाभर राहिला आणि गेला. घरात उरलो आम्ही तिघं, मामंजी, आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आणि मी. माणसं उमदी होती, मला कधी कुणी टोचून बोललं नाही. फक्त मामंजींसमोर पदर हनुवटीपर्यंत ओढायचा आणि ते काही बोलले की आतून "जी" म्हणायचं, एवढी एक गोष्ट कडक. वर्षभर मी त्या माणसाची पायताणं तेवढी ओळखत होते. चेहऱ्याचं विचाराल तर राम राम.

नवरा गेला आणि थोड्याच दिवसांत माझी दाढ ठणकायला लागली. खालची, अगदी मागची. कीड तिला माहेरापासूनच होती. त्यात गुऱ्हाळ चालू झालेलं, आणि ऊस दातानं सोलून खायची मला भारी हौस. एक दिवस पेरावर दाढ कडकन वाजली आणि तिचा टवका उडाला. मग काय विचारता! भाकरी नको, पाणी नको, बोलणं नको. लवंग धरली, आत्याबाईंनी दिलेली मिश्री लावली. तेवढ्यापुरतं बधिर व्हायचं, परत ठणका सुरू. खाणं सुटलं तसा अंगातला कस गेला, आणि त्यातच कावळा शिवायलाही उशीर झाला. झालं! आत्याबाईंनी घर डोक्यावर घेतलं.

"आत्याबाई, माझी दाढ दुखतेय हो," मी एकदा धीर करून म्हटलं.

"दुखनारच! माझ्या येळंला दोन दाढा गेल्या," त्या हसून म्हणाल्या. "आगं, लेकरू हाडं वढून घेतंय आईची."

आता ह्यावर नवी सून काय बोलणार? तसलं काही नाही म्हणायचं, तर तोंड कुठल्या तोंडानं उघडायचं? आणि खरं सांगते, मलाही मधूनच वाटायचं की असेलही बाई. आत्याबाईंनी तर गल्लीभर सांगून टाकलेलं. माझ्यापुढं मीठ लावलेली चिंच यायची. ती चिंच त्या फुटक्या दाढेत शिरली की ब्रह्मांड आठवायचं. डोळ्यांत पाणी आलं की त्या म्हणायच्या, "बघा, कशी आवडीनं खातीया!"

मग एके सकाळी उठले तर ठणका बंद. एकदम बंद. मी देवाला हात जोडले. कसली मूर्ख! दुसऱ्या दिवशी गाल चढायला लागला. मी फडकं तव्यावर गरम करून शेकत बसले, तशी सूज हनुवटीखाली उतरली. अंगात कणकण आली. आत्याबाईंना गाल दिसला, नाही असं नाही. त्या म्हणाल्या, "बाळसं धरायला लागली पोर." एकाच गालानं कुणी बाळसं धरतं का? पण आनंदात माणसाला दिसत नाही ते नाहीच दिसत. गल्लीतल्या बायका बघायला आल्या आणि म्हणाल्या, लय शहाण्या घरची हाय, मान वर करंना. अहो, मान वर होत नव्हती!

त्याच दिवशी दुपारी मामंजी बाहेरच्या सोप्यात बसले होते. त्यांनी पाणी मागितलं. मी पदर ओढून तांब्या नेला. त्यांनी काहीतरी विचारलं आणि माझ्या तोंडून "जी" निघेना. जबडा बोटभरही उघडत नव्हता. थुंकी गिळता येत नव्हती, ती ओठातून गळून पदर हनुवटीपाशी ओला झाला होता.

"रडतीस का गं?" मामंजींनी विचारलं.

मी नाही अशी मान हलवली. ते उठले. आत्याबाईंना हाक मारून म्हणाले, "पदर वर कर तिचा."

"आवं, असं काय करताय? तुमच्यासमूर?"

पुढं वादच नाही. मामंजींनी स्वतःच्या हातानं माझा पदर मागं सारला. असा मी माझ्या सासऱ्याचा चेहरा पहिल्यांदा पाहिला. पांढऱ्या मिशा, आणि डोळे भ्यालेले.

"डोहाळ्यात गळा सुजतोय व्हय गं?" ते आत्याबाईंवर गरजले. "माज्या पलटनीतला एक गडी असाच दाढंनं गेलाय. श्वास कोंडून गेला. बैलं जुपा!"

आत्याबाई घोंगडं घेऊन गाडीकडं धावल्या.

इस्लामपूरपर्यंत गाडी, तिथून सांगलीला कोळशावर चालणारी मोटार. चढ आला की ती धापा टाकायची, आणि मीही. मी आडवी व्हायला बघायची तर मामंजी खांद्याला धरून बसतं करायचे. "आडवी हुऊ नगंस पोरी. नाकानं श्वास घे. आलंच सांगली." ज्या सासऱ्याची सावली टाळायची, त्याच्या खांद्यावर डोकं टेकून मी सगळी वाट कापली. मी मरणार असं मला वाटत होतं, आणि तरी त्या खांद्यावर बरं वाटत होतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बघताक्षणी आत घेतलं. सुई टोचली, चीर दिली, पू काढला, दाढ उपटली. मग बाहेर येऊन मामंजींना चांगलं फैलावर घेतलं.

"ठणका थांबला म्हणजे दाढ बरी झाली असं नसतं, आतली शीर मेलेली असते. सूज गळ्याकडं उतरली, तोंड उघडेना, थुंकी गिळवेना, ताप आला, की त्याच घटकेला उठून यायचं. उद्या आणली असती तर माझ्या हातात काही नव्हतं. आणि शेकलं कुणी?"

मामंजी दारातच हात जोडून उभे होते. ज्या माणसानं मला वाचवलं तोच बोलणी खात होता, आणि माझं तोंड पट्टीनं बांधलेलं.

दवाखान्यात असतानाच मला कावळा शिवला. म्हणजे नातवाचं काही खरं नव्हतं. जीव वाचल्याचा आनंद तिथंच विरला. गल्लीभर वाटलेला तो आनंद आता मी आत्याबाईंच्या हातून कशी काढून घेऊ? तिथल्या नर्सबाईंनी मामंजींना आडून सांगितलं. ते नुसतं "बरं" म्हणाले.

गाडी दाराशी थांबली तेव्हा गल्लीतल्या सगळ्या बायका जमलेल्या. आत्याबाई पुढं आल्या, माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मामंजींकडं बघितलं. त्यांनी नाही अशी मान हलवली. आत्याबाईंनी पदर खोचला. मग गल्लीकडं वळून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "दाढ हुती गं बायांनो. पोर मरनाच्या दारात हुती, आन् म्या खुळी तिला चिच्चा चारत हुते."

"मंग नातवाचं?" कुणीतरी विचारलं.

"नातू हुईल तवा हुईल," आत्याबाई म्हणाल्या. "ही गेली असती, तर ही कुठनं आनली असती म्या?"

मी त्यांच्या कमरेला मिठी मारली आणि गाल दुखेपर्यंत रडले.